पिवळे पान आणि उलटे अनुमान

घरातल्या बंदिस्त जागेत, विजेच्या दिव्यांखाली कुंडीत वाढवलेल्या गांजाच्या रोपाचे पान पिवळे पडले, कडेने करपले किंवा त्यावर तांबूस ठिपके उमटले, की लागवड करणाऱ्याने लक्षणांचा रंगीत तक्ता उघडावा, आपल्या पानाशी जुळणारे चित्र शोधावे, चित्राखाली ज्या अन्नद्रव्याचे नाव असेल त्याची बाटली आणावी आणि पुढच्या पाण्याबरोबर ते देऊन टाकावे, असा सल्ला नवशिक्यांना सर्रास दिला जातो. या सल्ल्याच्या पोटात दोन गृहीतके दडलेली आहेत. पानावरची प्रत्येक विकृती ही उपासमारीची खूण असते, हे पहिले. आणि ती उपासमार कोणत्या द्रव्याची, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते, हे दुसरे. पहिले गृहीतक मुळातच टिकत नाही आणि दुसरे फार थोड्या अटींखाली खरे ठरते, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तक्त्यातली चित्रे खोटी आहेत असा येथे दावा नाही. ती बहुधा खरीच असतात. दोष आहे तो तक्ता वाचण्याच्या दिशेत.

हा प्रश्न कोणाचा, हे आधी स्पष्ट केलेले बरे. भारतात गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या कलम २० अन्वये परवान्याविना गांजाचे रोप लावणे हा दहा वर्षांपर्यंतच्या सश्रम कारावासाचा आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे. त्यामुळे येथील चर्चा ज्या देशांत अशा लागवडीला कायद्याने मुभा आहे त्यांच्यापुरती आहे. कॅनडाच्या संघराज्यीय कायद्याने १७ ऑक्टोबर २०१८ पासून एका घरामागे चार रोपांना मान्यता दिली, जरी क्वेबेकसारख्या प्रांताने ती आपल्या हद्दीत नाकारली. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक प्रौढ व्यक्तीला तीन रोपांची परवानगी दिली. या कायद्यांमुळे असा एक लागवडदार वर्ग निर्माण झाला की ज्याने आयुष्यात कधी वांग्याचे रोपही वाढवलेले नाही आणि ज्याच्या शेजारी विचारायला कोणी जाणता शेतकरीही नाही. बंदीच्या दीर्घ काळात या पिकाचे ज्ञान कृषी विद्यापीठांच्या वाटेने फारसे आले नाही, ते चोरून लागवड करणाऱ्यांच्या तोंडी परंपरेतून आणि खतविक्रेत्यांच्या माहितीपत्रकांतून आले. ज्याच्याकडे विकायला बाटल्या आहेत त्याला प्रत्येक पिवळे पान उपाशी दिसावे, यात नवल नाही. पण विक्रेत्याचा स्वार्थ दाखवून दिल्याने त्याचे विधान असत्य ठरत नाही, म्हणून त्या विधानाचीच परीक्षा केली पाहिजे.

तक्त्याच्या बाजूने जे म्हणता येते ते कमी वजनाचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युलियस साक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी मातीशिवाय, केवळ क्षारयुक्त पाण्यात रोपे वाढवून दाखवली, आणि त्यामुळे एखादे द्रव्य द्रावणातून वगळले तर रोपाचे काय होते, हे पाहण्याची वाट खुली झाली. इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्रातील थॉमस वॉलेस यांनी दृश्य लक्षणांवरून खनिजांची कमतरता ओळखण्याविषयीचा ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यातील रंगीत छायाचित्रांनी एका पिढीच्या कृषितज्ज्ञांची नजर घडवली. गांजाच्या कुळातही असे काम झाले आहे: अमेरिकेत २०१४ आणि २०१८ च्या कृषी कायद्यांनी नशा न आणणाऱ्या हेम्प या प्रकारावरील संशोधनाला मोकळीक दिल्यानंतर नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी वाळूत रोपे वाढवून, एका वेळी एकच अन्नद्रव्य वगळून, प्रत्येक कमतरतेची लक्षणे नोंदवली आणि ती २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा मॅग्नेशियम तोडले की जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, हे विधान कोणाच्या कल्पनेतून आलेले नाही.

परंतु या सर्व प्रयोगांतून जे सिद्ध झाले ते कारणाकडून कार्याकडे जाणारे विधान आहे, आणि तक्ता वापरणारा मात्र कार्याकडून कारणाकडे चालतो. भारतीय न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर येथे व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचे अव्यभिचारी साहचर्य, उलटी लावली गेली आहे. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती खरी असल्याने डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते. पण जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघायला ओले सरपण लागते, आणि ही जी अधिकची, न सांगितलेली अट, तिलाच नैयायिक उपाधी म्हणतात. मॅग्नेशियम नसेल तर पान पिवळे पडते, हे प्रयोगाने दाखवले. पान पिवळे असेल तर मॅग्नेशियम नसते, हे कोणीही दाखवलेले नाही. प्रयोगशाळेतल्या रोपाला पाणी, प्रकाश, उष्णता आणि मुळांना हवा हे सारे यथायोग्य मिळत होते आणि फक्त एक द्रव्य तोडलेले होते. ही त्या निष्कर्षाची उपाधी होय, आणि नवशिक्याच्या खोलीत नेमकी तीच गैरहजर असते. त्याच्या खोलीत पाणी जास्त, दिवा फार जवळ, हवा कोंदट आणि कुंडी लहान, असे चार दोष एकाच वेळी नांदत असण्याचा संभव मोठा असतो, आणि तक्त्यात त्या चारांपैकी एकालाही धड जागा नसते.

दुसरी गफलत शब्दाची आहे. ‘कमतरता’ हा एकच शब्द दोन वेगळ्या अवस्थांना लावला जातो: द्रव्य कुंडीत नसणे ही एक, आणि ते कुंडीत असूनही पानापर्यंत न पोचणे ही दुसरी. महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला हा भेद पुस्तकाविना ठाऊक असतो. चुनखडीच्या जमिनीत उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडली की तो ‘केवडा पडला’ म्हणतो. तो लोहाच्या अभावाचा प्रकार असला तरी त्या जमिनीत लोहाचा दुष्काळ नसतो. जमिनीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप, चढलेला असतो आणि सामू एका अंकाने चढला की त्रिसंयुजी लोहाची विद्राव्यता जवळपास हजारपटीने घटते, म्हणून मुळांना ते उचलता येत नाही. यासाठीच हिराकस अशा जमिनीत नुसते टाकण्याऐवजी पानांवर फवारण्याचा किंवा शेणखतात मुरवून देण्याचा सल्ला मिळतो, कारण नुसते टाकलेले हिराकसही त्याच चुन्यात अडकून पडते. कुंडीतल्या गांजाची गोष्ट याहून वेगळी नाही. पीट किंवा कोकोपीट यांसारख्या मातीविरहित माध्यमात सामू साधारणतः ५.५ ते ६.५ असावा लागतो. नळाच्या कठीण पाण्याने तो हळूहळू सातापलीकडे सरकला, तर शेंड्याची पाने पिवळी पडतात आणि तक्त्यात ‘लोह’ असे उत्तर सापडते. ते उत्तर अक्षरशः खरे असूनही उपचार म्हणून निरुपयोगी ठरते, कारण बिघाड पाण्यात आहे.

कॅल्शियमच्या बाबतीत हा घोटाळा आणखी गडद होतो. कॅल्शियम रोपात फक्त जलवाहिन्यांतून, पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते, आणि तो प्रवाह बाष्पोत्सर्जनाने, म्हणजे पर्णरंध्रांतून वाफ होऊन निघून जाणाऱ्या पाण्याने, ओढला जातो. हवा फार दमट असेल आणि वारा खेळत नसेल तर पाणी उडत नाही, पाणी उडत नाही म्हणून ते चढत नाही, आणि कुंडीत कॅल्शियम भरपूर असतानाही कोवळी पाने वेडीवाकडी होऊन त्यांच्यावर तपकिरी डाग पडू शकतात. टोमॅटोच्या फळाचा खालचा भाग काळा पडून कुजतो तेव्हा कारण पुष्कळदा हेच असते. येथे बाटलीपेक्षा पंख्याचा उपयोग अधिक, पण तक्त्यात पंख्याचे चित्र नसते. तसेच अतिपाण्याचे. प्राणवायूचा प्रसार हवेत जितक्या वेगाने होतो त्याच्या सुमारे दहाहजाराव्या हिश्श्याने तो पाण्यात होतो, म्हणून सतत ओल्या राहिलेल्या कुंडीत मुळे गुदमरतात. गुदमरलेले मूळ नत्र, लोह, मॅग्नेशियम यांतले काहीही नीट उचलू शकत नाही, आणि पानावर तीन-चार कमतरतांची सरमिसळ उमटते. अशा रोपाला खताचे पाणी देणे म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर आणखी एक घागर ओतणे होय.

एकच लक्षण अनेक कारणांनी उद्भवते, याचा सर्वांत बोलका पुरावा विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीने दिला आहे. कपाशीची पाने लाल पडू लागली की शेतकरी त्याला ‘लाल्या’ म्हणतात. पण तो लाल्या कधी मॅग्नेशियमच्या अभावाने येतो, कधी बोंडे भरताना नत्र कमी पडल्याने, कधी रस शोषणाऱ्या तुडतुड्यांमुळे, कधी रात्रीचे तापमान एकाएकी उतरल्याने, तर कधी पाणी साचल्याने किंवा पाण्याचा ताण पडल्याने. लाल रंग देणारे अँथोसायनिन हे द्रव्य पानाच्या कोणत्याही अडचणीत तयार होऊ शकते. अडचणीचे नाव ते सांगत नाही. गांजाच्या पानाचा किंवा देठाचा जांभळेपणा तक्ते बहुधा स्फुरदाच्या नावावर जमा करतात, वास्तविक थंड रात्री तोच रंग आणतात आणि काही वाणांत तर तो आनुवंशिक, निरोगी रंग असतो. ठिपक्यांचीही हीच कथा आहे. पानाच्या वरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे असंख्य फिकट ठिपके दिसले तर ते दोन ठिपक्यांच्या कोळ्याने पेशीपेशीतला रस शोषल्याचे चिन्ह असू शकते. हा आठ पायांचा जीव अर्ध्या मिलिमीटरहून मोठा नसतो, पानाच्या खालच्या बाजूला राहतो आणि उबदार खोलीत एक-दोन आठवड्यांत नवी पिढी उभी करतो. चंदेरी ओरखडे आणि त्यांत काळे कण असतील तर ती फुलकिड्यांची खूण असते. ज्या दिवसांत लागवडदार चित्रे जुळवत एकेक बाटली आजमावत बसतो, त्याच दिवसांत कीड दुप्पट-चौपट होत जाते.

तक्त्याचे अधिक जाणते समर्थक यावर असे म्हणतील की, चांगला तक्ता नुसता रंग पाहत नाही, तो जागाही पाहतो. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही चल द्रव्ये आहेत, म्हणजे टंचाई आली की रोप ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना पुरवते, म्हणून त्यांची लक्षणे खालून सुरू होतात. कॅल्शियम, बोरॉन, लोह ही अचल द्रव्ये एकदा जिथे बसली तिथून हलत नाहीत, म्हणून त्यांची लक्षणे शेंड्यावर दिसतात. हा युक्तिवाद खरा आहे आणि नवशिक्याने तक्त्यातून काही एक शिकायचे तर हेच शिकावे. तरीही हा नियम कमतरतांमध्ये आपसांत निवड करतो, कमतरता आहे की नाही हे ठरवत नाही. खालचे पान नत्राच्या अभावी पिवळे पडते, तसेच ते वरच्या दाट पानांच्या सावलीत प्रकाश न मिळाल्यानेही पडते, आणि रोप फुलांवर येऊन अखेरच्या टप्प्यात गेले की वयोमानानेही पडते. हा शेवटचा पिवळेपणा रोगच नव्हे, त्यावर नत्र ओतणे हा पिकत चाललेल्या रोपाला पुन्हा कोवळे करण्याचा हट्ट आहे. शेंड्याचे पान लोहाअभावी फिकट होते, तसेच दिवा फार जवळ आल्याने हरितद्रव्य नष्ट होऊनही होते. या दुसऱ्या प्रकारात दिव्याच्या थेट खालची पाने अधिक फिकट आणि आडोशाची पाने हिरवी राहतात, आणि हा फरक पानाच्या वयात नसून खोलीच्या रचनेत वाचावा लागतो.

मग थोडे जास्तीचे खत देऊन पाहण्यात बिघडते काय, असा व्यवहारी प्रश्न उरतो. बिघडते ते असे. दिलेले प्रत्येक खत हे क्षार आहे; न वापरलेले क्षार कुंडीत साठतात, त्यांच्यामुळे मुळांना पाणी ओढणे अवघड होते आणि पानांची टोके करपतात. शिवाय पालाश, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मुळांच्या दाराशी एकमेकांशी स्पर्धा करतात, त्यामुळे पालाश वाढवला की मॅग्नेशियमचे शोषण घटते. म्हणजे करपलेली कड पाहून पालाश द्यावा, त्याने मॅग्नेशियम अडावे, मग पिवळेपणा पाहून मॅग्नेशियम द्यावे, त्याने कॅल्शियम अडावे, अशी साखळी सुरू होते आणि तक्ता प्रत्येक टप्प्यावर बरोबर ठरत जातो. ज्या साधनाने निर्माण केलेली चूक तेच साधन पुढच्या पानावर ‘ओळखते’, त्याच्या अचूकतेचा डौल कितपत मानायचा?

‘बाटली दिली आणि रोप सुधारले’ हा अनुभवाचा दाखला सर्वांत आग्रहाने मांडला जातो, म्हणून त्याचे मोल नीट ठरवले पाहिजे. डॅनियल अर्नन आणि पेरी स्टाउट यांनी १९३९ मध्ये एखादे मूलद्रव्य वनस्पतीला अत्यावश्यक मानण्यासाठी जे निकष घातले त्यांतला एक असा की, त्या द्रव्याचा अभाव केवळ तेच द्रव्य दिल्याने भरून निघाला पाहिजे. या निकषाचा धडा निदानालाही लागू पडतो: ज्याचा संशय आहे ते एकटे देऊन पाहिल्याशिवाय संशय सिद्ध होत नाही. बाजारात ‘कॅल-मॅग’ या नावाने मिळणाऱ्या पुष्कळशा द्रावणांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमबरोबर नायट्रेटच्या रूपातला नत्र असतो आणि अनेकदा लोहही असते. रोप नत्राने हिरवे होते आणि श्रेय मॅग्नेशियमला जाते. त्याच आठवड्यात लागवडदाराने घाबरून पाणी कमी केलेले असते, दिवा वर उचललेला असतो, त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. कॅल-मॅगला खरी जागाच नाही असे मात्र म्हणता येत नाही. नव्या कोकोपीटचे तंतू कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात पालाश व सोडियम सोडतात, तर गाळणयंत्रातून क्षार काढून टाकलेल्या पाण्यात ही दोन्ही द्रव्ये उरतच नाहीत. अशा ठिकाणी ती देणे योग्यच. पण तेथे निर्णयाचा आधार माध्यम आणि पाणी हे असतात, आणि पान पिवळे होण्याची वाट पाहावी लागत नाही.

या टीकेवरून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात की, निदान हे प्रयोगशाळेचेच काम आहे, नवशिक्याने त्यात पडू नये. काही व्याधींपुरते हे खरे आहे. हॉप लेटंट व्हायरॉइड हा अवघ्या २५६ न्यूक्लिओटाइडांचा, प्रथिनाचे कवचही नसलेला आरएनएचा तुकडा २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गांजाच्या रोपांत आढळल्याचे नोंदवले गेले. तो कलमे काढण्याच्या कात्रीवरून पसरतो, कित्येक रोपांत दीर्घकाळ कोणतेही लक्षण दाखवत नाही, आणि रेण्वीय चाचणीखेरीज त्याची खातरी होत नाही. पण नवशिक्याच्या घरातले बहुतेक बिघाड इतके गूढ नसतात. कुंडी उचलून तिचे वजन पाहणे, खोलीतले रंगीत दिवे बंद करून पांढऱ्या उजेडात पान पाहणे, दहापट भिंगाने पानाची खालची बाजू तपासणे, तळातून निथळणाऱ्या पाण्याचा सामू आणि क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता मोजणे, आणि शक्य असेल तर मूळ पांढरे आहे की तपकिरी व चिकट झाले आहे हे पाहणे, एवढे त्याच्या हातात असते. या पाच गोष्टींनंतरही कारण सापडले नाही तर कमतरतेचा विचार करावा. आणि तेव्हाही एका वेळी एकच बदल करून, जुन्या पानाकडे न पाहता नव्या पानाची वाट पाहावी, कारण मेलेली ऊतके पुन्हा हिरवी होत नाहीत आणि डाग टिकून राहिला म्हणून उपाय फसला असे ठरत नाही.

पानाची साक्ष शिस्तीने कशी घ्यावी, हे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत दिसते. तेथील बागाईतदार पानाचा रंग पाहतोच, पण खताचा मोठा निर्णय तो देठ परीक्षणावर सोपवतो: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी ठरावीक जागेवरच्या पानांचे देठ तोडून, त्यांतल्या अन्नद्रव्यांचे प्रमाण मोजून, ते प्रमाणित आकड्यांशी ताडले जाते. पान कोणते, वय किती, दिवस कोणता, हे ठरल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ नाही, हे तेथे सर्वांना मान्य आहे. नॉर्थ कॅरोलायनातील संशोधकांनीही लक्षणांच्या छायाचित्रांबरोबर पानांचे रासायनिक पृथक्करण दिले होते. अभ्यासातून तक्ता तयार होताना छायाचित्रे तेवढी उरली, आणि ज्या आकड्यांमुळे त्या छायाचित्रांना प्रामाण्य मिळाले होते ते गळून गेले.

म्हणून तक्ता फाडून टाकण्याची गरज नाही. त्याची मांडणी मात्र बदलायला हवी. आज त्यात प्रत्येक चित्राखाली एका द्रव्याचे नाव असते. त्याऐवजी तेथे पाणी, सामू, प्रकाश, हवा, कीड आणि पानाचे वय या सहा गोष्टींची यादी असावी, त्या तपासल्याची खूण करण्यास जागा असावी, आणि द्रव्याचे नाव सर्वांत शेवटी, त्या खुणा पूर्ण झाल्यावरच वाचण्यासाठी लिहावे. असा तक्ता बाटल्या कमी खपवील, आणि नवशिक्याचे डोळे पानावरून हलवून कुंडीकडे, पाण्याकडे आणि दिव्याकडे नेईल.